पाण्याचा राग आणि पाण्याचा हिशेब

राजकीय मत बनवताना भावना बाजूला ठेवावी, हा सल्ला जितका जुना तितकाच निरुपयोगी आहे. अंतोनिओ दमासिओ या मेंदूतज्ज्ञाने १९९४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पुस्तकात एका रुग्णाची हकिकत दिली आहे. मेंदूच्या पुढच्या भागातली गाठ काढल्यानंतर त्याची बुद्धी शाबूत होती. स्मरणशक्ती, भाषा, आकडेमोड यांत कुठेच उणे नव्हते. बोथट झाल्या होत्या त्या भावना. असा माणूस निर्णय घेण्यात पटाईत व्हायला हवा होता, झाले उलटेच. साध्यासाध्या निवडींत तो अडकून पडू लागला, नोकरी गेली, संसार मोडला. समोरच्या पर्यायांपैकी कशाला किती मोल द्यायचे, हे आतून सांगणारे कोणी उरले नव्हते.

राजकारणातही राग, भीती आणि अभिमान हेच काम करतात. रिकामा हंडा घेऊन टँकरची वाट पाहणाऱ्या बाईला राग आलाच नाही, तर तिच्या गावाचे पाणी कधी सभेच्या विषयपत्रिकेवर येणारच नाही. इथवर भावना रास्त असते. गडबड होते ती पुढच्या पायरीवर. ‘मला राग आला आहे’ एवढ्यावरून ‘म्हणजे अमक्याने तमके केले असणार’ आणि ‘म्हणजे हाच उपाय बरोबर’ या दोन्ही गोष्टी माणूस न तपासता मान्य करून बसतो. पहिले वाक्य स्वतःबद्दलचे आहे, पुढची दोन बाहेरच्या जगाबद्दलची आहेत. ती खरी की खोटी, हे रागाच्या तीव्रतेवरून ठरत नाही.

एका म्हणीची फोड

हा फरक नीट पाहायचा तर ठाणे जिल्ह्याच्या ग्रामीण भागातला पाण्याचा वाद हाताशी आहे. शहापूर तालुक्याबद्दल बोलताना ‘धरण उशाला, कोरड घशाला’ हे शब्द इतक्या वेळा वापरले गेले आहेत की ती आता तालुक्याची ओळखच झाली आहे. तानसा तलाव १८९२ पासून मुंबईला पाणी देतो. भातसा धरण त्यानंतर जवळपास नव्वद वर्षांनी आले. दोन्ही शहापूर तालुक्यात आहेत. मुंबईला पाणी पुरवणाऱ्या सात तलावांची एकूण उपयुक्त साठवण १४,४७,३६३ दशलक्ष लिटर. त्यांपैकी एकट्या भातसाची ७,१७,०३७ आणि तानसाची १,४५,०८०. म्हणजे मुंबईच्या साठ्याचा सुमारे साठ टक्के भाग एका तालुक्यात आहे. त्याच तालुक्यातल्या अनेक पाड्यांवर होळी उलटली की विहिरी तळ गाठतात आणि टँकर सुरू होतो. टँकरचे पाणी बऱ्याचदा त्याच कोरड्या विहिरीत ओतले जाते आणि काठावरच्या बायका दोर-बादलीने ते गढूळ पाणी पुन्हा वर काढतात. हे पाहून ज्याला राग येत नाही, त्याला हा वादच कळलेला नाही.

आता म्हणीच्या पोटात काय काय भरले आहे ते वेगळे करून पाहावे. त्यात एक विधान वस्तुस्थितीचे आहे: इथले पाणी मुंबईला जाते. ते खरे आहे. दुसरे कार्यकारणाचे, आणि ते न बोलता गृहीत धरलेले असते: पाणी मुंबईला जाते म्हणून गावाला मिळत नाही. तिसरे न्यायाचे: ज्यांच्या जमिनी गेल्या, ज्यांच्या डोंगरावर पाऊस पडतो, त्यांचा हक्क आधी. या तिन्हींच्या खाली आणखी एक थर असतो, ‘आपण’ आणि ‘ते’ यांचा. सभेत हे सगळे एका दमात बोलले जाते आणि टाळीही एकाच दमात पडते. तपासायचे मात्र प्रत्येक विधान आपापल्या ठिकाणी.

कार्यकारणाचे विधान तपासायला फार विद्वत्ता लागत नाही, गुणाकार पुरतो. जलजीवन मिशनने ग्रामीण भागासाठी माणशी दररोज ५५ लिटर हा निकष धरला आहे. शहापूर तालुक्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत तीन लाखांच्या थोडी वर होती. आज ती साडेतीन लाख धरू. रोजची गरज झाली सुमारे १ कोटी ९३ लाख लिटर, म्हणजे १९ दशलक्ष लिटरच्या आसपास. वर्षाची बेरीज सुमारे ७,००० दशलक्ष लिटर. भातसाच्या साठ्याच्या ती एक टक्क्याच्याही किंचित आतच राहते. माणशी पाणी दुप्पट केले, तरी दोन टक्के. मुंबईला दररोज ३,९०० दशलक्ष लिटरच्या घरात पाणी मिळते, त्यातले १९ दशलक्ष लिटर कमी झाले तर शहरात कोणाच्या लक्षातही येणार नाही.

या आकड्यांचा अर्थ दोन्ही बाजूंना गैरसोयीचा आहे. ‘मुंबईची तहान मोठी, गावांना देऊन शहराला पुरणार नाही’ हा युक्तिवाद त्यांच्यासमोर टिकत नाही. पण ‘मुंबईचे पाणी बंद करा, म्हणजे गावाला मिळेल’ हाही टिकत नाही. उद्या मुंबईचा पुरवठा खरोखर थांबवला, तरी धरणाच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या कुशीत असलेल्या पाड्यावर त्याने एक हंडाही चढणार नाही. पाणी खाली आहे, माणसे वर आहेत. मधे पंप हवा, जलवाहिनी हवी, टाकी हवी, विजेचे बिल भरणारे कोणी हवे. वर्षाला दोन हजार मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस पडणाऱ्या या भागात पाणी मुरत नाही, कारण खाली काळा कातळ आहे आणि उतार तीव्र आहे. पडलेला पाऊस काही तासांत ओढ्याला आणि तिथून खाडीला लागतो. टंचाईचे कारण हा कातळ आहे आणि न झालेली किंवा बंद पडलेली योजना आहे. मुंबई त्या कारणांच्या यादीत बरीच खाली येते.

राग कोणावर धरायचा, हेही यावरून बदलते. भातसा धरण मुंबई महापालिकेचे नाही, राज्याच्या जलसंपदा विभागाचे आहे. धरणातून नदीत सोडलेले पाणी महापालिका खाली पिसे इथल्या बंधाऱ्यावर उचलते आणि पांजरापूरला शुद्ध करते. कोणाला किती पाणी, हे मंत्रालयात ठरते. गावापर्यंत नळ पोचवणे हे जिल्हा परिषद आणि पाणीपुरवठा विभागाचे काम. मुंबईकराला शिव्या देणे सोपे असते, शिवाय तो मतदारसंघात नसल्यामुळे बिनधोकही. स्थानिक पुढाऱ्यांना ती घोषणा का आवडते, याचे एक उत्तर यात सापडते.

न्यायाचा प्रश्न मात्र आकड्यांनी मिटत नाही आणि मिटू नये. राज्याच्या २००३ च्या जलनीतीने पिण्याच्या पाण्याला पहिला क्रम दिला. पण एका गावचे पिणे आणि दुसऱ्या शहराचे पिणे यांत पहिला कोण, हे मूल्यांनी ठरवावे लागते. इथे राग, आपुलकी, विस्थापितांबद्दलची ओशाळी जाणीव यांना बोलायचा पूर्ण अधिकार आहे. आपण-ते यांचा थर तर आणखी गुंतागुंतीचा. शहापूर-मुरबाडची कितीतरी मुले कल्याण, ठाणे, मुंबईत नोकरीला आहेत. तिथल्या नळाला तोंड लावून ती आपल्याच नदीचे पाणी पितात.

हुशारीचा उपयोग कोणत्या बाजूने होतो

अशी फोड करायला शिक्षण लागते, आणि शिकलेला माणूस ती आपोआप करतो, असे वाटणे साहजिक आहे. अमेरिकेतल्या डॅन कहान आणि त्याच्या सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये याची परीक्षा घेतली. अकराशेहून अधिक लोकांना त्यांनी आकड्यांचा एक तक्ता दाखवला. काहींना सांगितले, हा पुरळावरच्या मलमाचा प्रयोग आहे. मलम लावलेल्यांपैकी २२३ जणांचे पुरळ कमी झाले आणि ७५ जणांचे वाढले. न लावलेल्यांपैकी १०७ जणांचे कमी झाले, २१ जणांचे वाढले. मलम उपयोगी आहे का? २२३ हा आकडा मोठा दिसतो, म्हणून बहुतेक जण हो म्हणतात. प्रमाण काढले की कळते, मलम लावलेल्यांत सुमारे ७५ टक्के बरे झाले, न लावलेल्यांत सुमारे ८४ टक्के. म्हणजे मलम न लावलेलेच बरे. गणितात पक्के असलेल्यांना हे जास्त प्रमाणात जमले.

मग हेच आकडे, शब्द बदलून, दुसऱ्यांसमोर ठेवले. आता ते बंदुकांवरच्या बंदीने गुन्हे वाढले की घटले याबद्दलचे होते, आणि अमेरिकेत या विषयावर माणसे पक्षाप्रमाणे दुभंगलेली आहेत. बरोबर उत्तर आपल्या पक्षाला सोयीचे असेल, तेव्हा गणितात हुशार असलेल्यांनी ते चटकन शोधले. गैरसोयीचे असेल, तेव्हा पहिल्या नजरेचे चुकीचे उत्तर त्यांना पुरेसे वाटले. परिणामी गणितात कच्च्या असलेल्यांपेक्षा पक्क्यांमध्येच दोन पक्षांतले अंतर जास्त निघाले. बुद्धी इथे न्यायाधीशाचे काम करत नव्हती, आपल्या अशिलाची वकिली करत होती. मराठीत ‘सुशिक्षित अंधभक्त’ हे शब्द एकमेकांवर फेकले जातात, तेव्हा त्यात विसंगती असल्याचा सूर असतो. या प्रयोगाच्या उजेडात विसंगती काहीच नाही. उलट, ज्याला युक्तिवाद रचता येतो त्याला स्वतःला फसवणेही जास्त सफाईने जमते.

आपला गट इतका प्रिय का होतो, याचे एक उत्तर हेन्री ताजफेल याने १९७० मध्ये दिले. ब्रिस्टलमधल्या शाळकरी मुलांचे त्याने क्षुल्लक निकषांवर गट पाडले; पडद्यावरच्या ठिपक्यांचा अंदाज कोणी जास्त केला, कोणी कमी, असल्या. मुलांना आपल्या गटात आणखी कोण आहे हेही माहीत नव्हते. तरी पैसे वाटायला सांगितल्यावर त्यांनी आपल्या गटाला झुकते माप दिले. इतकेच नाही, दोन्ही गटांना जास्त मिळेल अशा वाटणीपेक्षा, एकूण कमी मिळाले तरी चालेल पण दुसऱ्यापेक्षा आपल्याला जास्त मिळावे, अशा वाटणीकडे त्यांचा ओढा दिसला. ठिपक्यांवरून पडलेल्या गटाची ही कथा. जात, तालुका, पक्ष आणि तीन पिढ्यांची आठवण असलेल्या गटाचे काय होत असेल, हे वेगळे सांगायला नको.

‘ते नेमके कसे होईल?’

पक्के मत सैल करण्याचा एक साधा उपाय संशोधकांना सापडला आहे. २०१३ मध्येच फिलिप फर्नबाख आणि सहकाऱ्यांनी लोकांना त्यांच्या आवडत्या धोरणांबद्दल दोन प्रकारे बोलते केले. काहींना विचारले, ‘तुम्हाला हे का हवे?’ त्यांनी कारणे सांगितली आणि ते आपल्या मतावर तसेच ठाम राहिले. काहींना विचारले, ‘हे धोरण लागू झाले तर एकेक पायरी करत परिणाम कसा होईल?’ तेव्हा आपल्याला वाटत होते तेवढे आपल्याला कळत नाही, हे पुष्कळांच्या ध्यानात आले आणि मतांची धार थोडी उतरली. पुढच्या काळात केलेल्या सगळ्या प्रयोगांत हा परिणाम तितकाच उतरलेला नाही, त्यामुळे त्याला रामबाण समजू नये. प्रश्न म्हणून तो तरीही मोलाचा आहे.

‘भातसाचे पाणी गावाला द्या’ या मागणीला तो लावून पाहावा. पाणी कुठून उचलायचे? किती चढ? पंपाचे बिल कोण भरणार? पाणीपट्टी वसूल झाली नाही तर काय? राज्यात कितीतरी नळयोजना पाण्याअभावी नव्हे, तर थकलेल्या वीजबिलाने बंद पडतात. या पायऱ्या मोजल्या की शहापूरसाठी इगतपुरी तालुक्यातल्या भावली धरणाची योजना का पुढे आली, तेही कळते. भावली घाटाच्या वर आहे. तिथून पाणी उताराने खाली आणता येते, भातसातून ते चढवावे लागते. जवळच्या धरणाचे पाणी सोडून लांबच्या धरणाचे का, असा संतप्त सवाल सभेत विचारला जाऊ शकतो. त्याला उंचीच्या फरकात उत्तर आहे. योजना वेळेत का होत नाही, हा सवाल त्यानंतरही उरतोच, आणि तो जास्त धारदार आहे.

मुरबाड तालुक्यातल्या काळू धरणाच्या वादात हीच पद्धत दुसऱ्या अंगाने उपयोगी पडते. महानगर प्रदेशाला पाणी देण्यासाठी आखलेल्या या धरणात सुमारे हजार हेक्टर वनजमीन आणि ठाकर, कातकरी वस्ती असलेली गावे बुडणार. वन विभागाची मंजुरी नसतानाच काम सुरू झाले. श्रमिक मुक्ती संघटना न्यायालयात गेली आणि मुंबई उच्च न्यायालयाने २०१२ मध्ये काम थांबवले. या वादात एक बाजू दुसरीला ‘विकासविरोधी’ म्हणते, दुसरी पहिलीला ‘ठेकेदारांचे दलाल’. दोन्ही शब्द माणसाबद्दल बोलतात, धरणाबद्दल चकार शब्द काढत नाहीत. वास्तविक तीन निराळे प्रश्न इथे होते. शहरांना एवढे पाणी लागेल का, आणि ते दुसरीकडून मिळेल का. बुडणाऱ्यांचे पुनर्वसन कोणी, कुठे करायचे. आणि कायद्याने ठरवलेल्या परवानग्या घेतल्या होत्या का. धरण हवे असे मनापासून वाटणाऱ्या माणसालाही तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असे द्यावे लागते. आणि परवानग्या नव्हत्या, एवढ्याने धरणाची गरजच नाही असेही सिद्ध होत नाही. एका प्रश्नावर समोरच्याचे बरोबर आहे असे मान्य केल्याने बाकीचे दोन हरले जात नाहीत. पण सभेच्या तापलेल्या हवेत तसे वाटते खरे, म्हणून कोणी काहीच मान्य करत नाही.

नाव झाकून पाहणे

दुसरी कसोटी याहून सोपी आणि जास्त बोचरी. बातमीतले पक्षाचे नाव झाकायचे आणि आपले मत काय होते ते पाहायचे; मग तिथे विरोधी पक्षाचे नाव घालून पुन्हा पाहायचे. महाराष्ट्राला हा प्रयोग मुद्दाम करायचीही गरज उरलेली नाही. २०१९ मध्ये शिवसेना काँग्रेस आणि राष्ट्रवादीबरोबर गेली, २०२२ मध्ये शिवसेना फुटली, २०२३ मध्ये राष्ट्रवादी. कालचा भ्रष्ट आजचा कार्यक्षम झाला, कालचा कार्यक्षम आज गद्दार. त्या माणसांबद्दलचे कागद, आरोप, खटले, केलेली कामे यांतले काहीही एका रात्रीत बदलले नव्हते. ज्याचे मत एका रात्रीत बदलले, त्याचे मत कागदांवर उभे नव्हते, एवढे त्यातून निश्चित कळते.

बैलगाडा शर्यतींचा प्रवासही या कसोटीला चांगला आहे. सर्वोच्च न्यायालयाने ७ मे २०१४ च्या निकालाने जल्लीकट्टूबरोबर महाराष्ट्रातल्या शर्यतीही थांबवल्या. राज्याने २०१७ मध्ये कायद्यात दुरुस्ती केली, पण उच्च न्यायालयात ती अडली. १६ डिसेंबर २०२१ ला सर्वोच्च न्यायालयाने शर्यतींना सशर्त परवानगी दिली आणि १८ मे २०२३ ला घटनापीठाने दुरुस्ती वैध ठरवली. या नऊ वर्षांत राज्यात काँग्रेस-राष्ट्रवादीचे, भाजप-सेनेचे, महाविकास आघाडीचे आणि शिंदे-फडणवीसांचे अशी सरकारे होऊन गेली. प्रत्येक टप्प्याचे श्रेय आणि दोष वाटून घेण्याची चढाओढ झाली. शर्यतीत बैलाला किती इजा होते, नियमांनी ती किती कमी होते, या मूळ प्रश्नाबद्दल श्रेयाच्या फलकांवर अर्थातच काही नव्हते.

नाव झाकणे अवघड जाते, कारण आपल्याकडे पुढारी हा मताचा धनी असतो आणि अनुयायी त्याचा राखणदार. २५ नोव्हेंबर १९४९ ला घटना समितीपुढे बोलताना डॉ. आंबेडकरांनी नेमका हा धोका दाखवला होता. धर्मात भक्ती आत्म्याच्या मुक्तीचा मार्ग असू शकेल, राजकारणात ती अधोगतीकडे आणि शेवटी हुकूमशाहीकडे नेते, असा त्यांचा आशय होता. त्यांनी भावनेवर बंदी घातली नव्हती. त्यांच्या स्वतःच्या राजकारणामागे केवढा संताप होता, हे जगजाहीर आहे. एका माणसाच्या पायाशी आपली सारासार बुद्धी ठेवण्याला त्यांचा विरोध होता.

बाजारातली पारख

तपासून घेण्याची ही सवय या मुलखाला परकी नाही. पौष पौर्णिमेला मुरबाड तालुक्यात म्हसा इथे म्हसोबाची यात्रा भरते. तिचा गुरांचा बाजार दूरवर नावाजलेला. तिथे बैल घेणारा शेतकरी विकणाऱ्याच्या बोलण्यावर विसंबत नाही. जबडा उघडून दात बघतो, खूर चाचपतो, चालवून पाहतो. बैल आवडला तर तो आणखी बारकाईने पाहतो, कारण आवडलेल्या जनावरातच फसायला होते हे त्याला ठाऊक असते. त्याच यात्रेत लागलेल्या पुढाऱ्यांच्या फलकांकडे तो अशा नजरेने पाहत नाही, आणि त्याचे कारणही समजण्यासारखे आहे. बैल चुकला तर नुकसान त्याचे एकट्याचे. मत चुकले तर लाखो मतदारांत वाटले जाते, तपासण्याचे कष्ट मात्र एकट्याचे राहतात. वर, गावाच्या विरुद्ध मत मांडले तर भावकीत वाईटपणा येतो तो वेगळाच. म्हणून राजकारणात नीट विचार न करणे हा केवळ आळस नसतो, व्यवहारही असतो.

हा व्यवहार बदलायचा तर चुकीची किंमत दिसायला हवी. फिलिप टेटलॉक याने वीसएक वर्षे २८४ तज्ज्ञांची राजकीय भाकिते लिहून घेतली आणि २००५ मध्ये त्यांचा ताळा प्रसिद्ध केला. एकाच मोठ्या सिद्धांताने सगळे समजावून सांगणारे, म्हणजे चर्चेत सर्वात ठाम दिसणारे, भाकितांत मागे पडले. लहानसहान माहिती जोडत, शंका ठेवत चालणारे पुढे राहिले. यातला खरा उपयोगी भाग म्हणजे लिहून घेणे. माणूस आपले जुने मत सोयीने विसरतो. ‘योजना झाली की पुढच्या मेमध्ये अमुक पाड्यांचे टँकर बंद होतील’ असे तारखेसह लिहिले असेल, तर त्याला पुढच्या मेमध्ये पळवाट नसते.

आणि तपासायचे कागद दूर नसतात. टँकर सुरू करताना प्रस्ताव, पाहणी आणि मंजुरी होते, खेपांची नोंद ठेवली जाते. २००५ च्या माहिती अधिकार कायद्याने ही नोंद मागता येते आणि तीस दिवसांत उत्तर अपेक्षित असते. शहापूर तालुका पूर्णपणे आणि मुरबाड तालुक्याचा काही भाग अनुसूचित क्षेत्रात येतो. तिथे १९९६ च्या पेसा कायद्याने ग्रामसभेला नेहमीपेक्षा जास्त अधिकार आहेत. ग्रामसभेचा फायदा असा की तिथे विषय एकेक करून येतात. लोकसभेला शहापूर आणि मुरबाड दोन्ही भिवंडी मतदारसंघात मोडतात. तिथे टँकर, रस्ता, धर्म, आरक्षण आणि पंतप्रधान या सगळ्यांवर मिळून मतदाराच्या हाती एकच बटण असते, त्यामुळे एका प्रश्नावरचे नेमके मत त्यातून सांगताच येत नाही. ग्रामसभेत भावली योजनेची जलवाहिनी कुठवर आली, हा एकच प्रश्न विचारता येतो. उत्तर इतिवृत्तात लिहून घेता येते, आणि पुढच्या सभेत तेच पान उघडून पुन्हा विचारता येते.